पवईच्या पाण्यातून कोणी कोणाला काढलं

पवईच्या तलावावर नवशिक्यांची पहिली कयाक-सहल मी नेली, तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. साखरपुडा झाला होता, बोटात मुलाकडची अंगठी होती आणि मुलुंडच्या आमच्या चाळीतल्या बायका नळावर "आता काय बाबा, बोरिवलीकरीण!" म्हणून मला चिडवत होत्या.

कयाक हा शब्द तेव्हा आमच्यात कोणाला माहीत नव्हता. आमचा एक ग्रुप होता, मुलुंड-घाटकोपरच्या नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा. रविवारी डोंगर चढायचे, उरलेला आठवडा पाय चोळत बसायचं. त्यातला एकजण साकीनाक्याला फायबरच्या शेडमध्ये कामाला होता. तिथे पाण्याच्या टाक्या बनायच्या. ग्रुपचे प्रमुख कॉलेजात शिकवायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र आणून दाखवलं, आणि त्या पोराने शेठला पटवून उरल्यासुरल्या मालातून दोन लांबट होड्या ओतल्या. एक एकट्याची, एक दोघांची. रंग टाक्यांचाच, काळा. वल्ही सुताराकडून करून घेतली. ती इतकी जड होती की पहिल्या दिवशी सगळ्यांचे खांदे धरले.

त्या होड्यांवर माझा हात सगळ्यांच्या आधी बसला, कारण मला पाण्याची भीती नव्हती. माझे वडील मालवणकडचे. मे महिन्यात गावी गेलो की मला खाडीवर न्यायचे आणि सरळ पाण्यात सोडून द्यायचे. पोहायला त्यांनी शिकवलं, आणि बुडणाऱ्याला कसं धरायचं तेही. "बुडतलो माणूस तुका धरता तेवा वर येव नको गो. खाली जा. तो आपसूक सोडतलो." हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं होतं, स्वतः बुडणारा होऊन, माझ्या मानेला मिठी मारून. आई काठावरून ओरडायची, "मारशाल चेडवाक!"

मग गिरण्यांचा संप झाला आणि बाबांची परळची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. ते घाटकोपरला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. मी एका औषध कंपनीत टायपिस्ट होते, त्यावर घर चालायचं. अशा वेळी बोरिवलीचं स्थळ चालून आलं. मुलगा बँकेत, घरचा फ्लॅट, त्यांनी काही मागितलं नाही. बाबांना इतका आनंद झाला की ते त्या मुलाला "साहेब" म्हणायला लागले. होणाऱ्या जावयाला साहेब! मला लाज वाटायची, पण आनंदही होता. तो दिसायला चांगला होता, हसून बोलायचा, आणि आम्ही भेटायचो तेव्हा त्याची धाकटी बहीण कायम बरोबर असायची. ती कॉलेजात होती. मला आत्तापासूनच वहिनी म्हणायची आणि भावाकडे अशी बघायची की जसा काही त्याच्यासारखा दुसरा माणूस जन्मलाच नाही.

पोहता न येणाऱ्यांनाही पाण्यावर आणायचं ही कल्पना माझी. माझ्या ऑफिसमधल्या बायका, ग्रुपमधल्यांच्या बहिणी, कोणाचे शेजारी. सर म्हणाले, "तूच ने. जबाबदारी तुझी." पाण्यावर तरंगवणारी जॅकेटं विकत कुठे मिळतात ते ठाऊक नव्हतं. मी आणि आईने कॅनव्हासच्या पिशव्यांत थर्माकोल भरून शिवली. ती घातली की माणूस उशीसारखा दिसायचा. थोडीच झाली, म्हणून नियम केला : ज्याला पोहता येतं त्याने जॅकेट घालायचं नाही, बाकीच्यांनी घातल्याशिवाय होडीत बसायचं नाही.

तो म्हणाला, मीपण येतो. बहिणीला घेऊन आला.

सकाळ फार छान गेली, हे मुद्दाम सांगायला हवं. काठाला जलपर्णी होती, ती बाजूला सारून आम्ही वाट केली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेकाला बसवत होते. "खाली बसा, मध्ये बसा, काही झालं तरी उभं राहू नका. होडी उलटली तर होडीलाच धरून राहा, ती बुडत नाही." माझ्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाई, पन्नाशीच्या, नऊवारीतून पाचवारीत नुकत्याच आलेल्या, माझ्यापुढे बसून तलावाच्या मध्यापर्यंत गेल्या आणि तिथे एकदम गप्प झाल्या. मला वाटलं घाबरल्या. तर म्हणाल्या, "इथे कोणी हाका मारत नाही ना गं." परत आल्यावर त्यांनी दोनदा नंबर लावला.

मग त्याची पाळी आली. मी जॅकेट पुढे केलं.

"हे काय? मला येतं पोहायला."

"नक्की ना?" मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, कारण सगळ्यांनाच तसं विचारत होते.

"अगं येतं म्हटलं ना!"

"म्हणजे खोल पाण्यात—"

मागून कोणीतरी ओरडलं, "घाल रे बाबा, आत्तापासून सवय कर ऐकायची!" सगळे हसले. बहीणही हसली. त्याचा चेहरा बदलला. त्याने जॅकेट माझ्या हातातून घेतलं आणि चिखलात टाकलं. हसत हसतच. मग येऊन माझ्यापुढे होडीत बसला.

बराच वेळ त्याने वल्हं मारलं नाही. मीच मारत होते. मध्यावर आल्यावर काठावरून बहिणीने हाक मारली, "दादा, इकडे बघ, फोटो!" तिच्याकडे मामाचा कॅमेरा होता. हा वळला आणि उठून उभा राहिला. मी "बसा, बसा" म्हणेपर्यंत आम्ही दोघं पाण्यात होतो.

वर आले तेव्हा होडी पालथी पडून थोडी लांब गेली होती आणि तो दिसत नव्हता. मग दिसला. तोंड उघडं, डोळे उघडे, हात पाण्यावर नुसते आपटत होता. त्याला एक हातही पोहता येत नव्हतं. मी ओरडले, "इकडे बघ! माझ्याकडे बघ, हात मारू नकोस!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. जवळ गेले, मागून धरायचा प्रयत्न केला, पण तो गर्रकन वळला आणि माझ्या अंगावर चढला. अक्षरशः चढला. गुडघा छातीवर, हात डोक्यावर. मला खाली दाबून तो वर श्वास घेत होता. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि काहीतरी कट्‌कन मोडल्याचं मला आतून ऐकू आलं.

मी खाली गेले. बाबांनी शिकवलं होतं तसंच, त्याला घेऊन खाली. तिथे हिरवा अंधार होता. त्याने मला सोडलं. मी त्याच्या पाठीमागे वर आले, शर्टाची कॉलर धरली, त्याची पाठ माझ्या छातीशी घेतली आणि होडीकडे पाय मारायला लागले. तो खोकत होता, शिव्या देत होता. होडीला त्याचे दोन्ही हात लावून दिले. तोवर सर एकट्याच्या होडीतून आमच्यापाशी पोहोचले. त्यांनी सगळं पाहिलं होतं, बुडण्यापासून कॉलरपर्यंत. दोरी टाकून त्यांनी आम्हाला काठाकडे ओढलं. मीही मागून पाय मारत होते.

काठाजवळ पाणी कमरेएवढं झालं आणि माझ्यातलं बळ संपलं. पाय चिखलात रुतले, मी तोंडावर पडले. तो उभा राहिला होता. त्याने माझा दंड धरला आणि मला फरफटत वर काढलं.

काठावरच्या लोकांनी नीट पाहिलं ते एवढंच. तो उभा, मी आडवी. माझ्या तोंडातून रक्त येतंय, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली, केस तोंडावर. बहीण धावत आली, त्याच्या गळ्यात पडली आणि रडत ओरडली, "दादाने वहिनीला वाचवलं! दादा, दादा रे!"

मला वाटलं तो आता म्हणेल, नाही गं. तो खोकला. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला हात लावून बसले होते, पुढचा दात अर्धा हातात आला होता. तो म्हणाला, "तिला काही होऊ देईन का मी?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिशेबनीस बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी सरांकडे पाहिलं. ते होडीतलं पाणी काढत होते. मी त्यांच्याजवळ गेले तर हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे ना. त्याच्या मानाचा प्रश्न आहे. आणि इथे आपल्याला परवानगी लागते, फार बोभाटा नको. तू सांभाळून घे."

आठवड्याने त्याच्या घरचे आमच्या चाळीत आले. पेढे घेऊन. माझा ओठ सुजून खाली लोंबत होता, तुटलेल्या दाताला वारा लागला तरी कळ जायची. त्याच्या आईने मला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "देव पाठीशी होता म्हणून आमचा मुलगा तिथे होता."

तो खुर्चीवर बसला होता. घरात एकच खुर्ची होती, ती त्याला दिलेली. त्याने सगळं पुन्हा सांगितलं. माझे केस धरून मला कसं वर आणलं, मी कशी त्याच्या गळ्याला मिठी मारत होते, त्याने मला समजावत समजावत कसं आणलं. पाण्यात घडलेली प्रत्येक गोष्ट त्याने जागच्या जागी ठेवली होती, फक्त माणसं बदलली होती. बहीण मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "मी बघितलं ना!"

मी म्हणाले, "असं नव्हतं झालं." ओठ सुजल्यामुळे ते "अशं नवतं जालं" असं बाहेर आलं. बहिणीला हसू फुटलं. मग तिची आईही हसली, मायेने. "बोलू नकोस गं बाळ, दुखेल."

मी पुन्हा म्हणाले, "मला पोहता येतं. ह्यांना येत नाही. बाबा, सांगा ना."

बाबा दाराशी उभे होते, ड्यूटीचा खाकी शर्ट घालून. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे. मग हसले. ते हसणं मी त्यांच्या तोंडावर सोसायटीच्या गेटवर पाहिलं होतं, गाडीवाल्यांना सलाम करताना.

"कसलं पोहणं," ते म्हणाले. पाहुण्यांसमोर ते नेहमी शुद्ध बोलायचे. "लहानपणी विहिरीत जरा हातपाय मारायची. तेवढंच. साहेबांमुळे पोर वाचली आमची." आणि त्यांनी त्याला हात जोडले. नुसते जोडले नाहीत, वाकले.

त्याने ते घेतलं. उठून त्यांना अडवलं नाही.

जाताना त्याची आई म्हणाली, "आता हे पाण्याचं खूळ बंद हं. आमच्या घरात चालणार नाही." आईने मान हलवली. माझ्या आईने, जिने ती जॅकेटं शिवली होती.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही असं का बोललात?"

ते शर्टाची बटणं काढत होते. "माका सगळा ठावक आसा," म्हणाले. "तुया काढलंस त्येका. माका काय कळना नाय? पण तू गप रव. लगीन होवंदे. मगे आयुष्यभर त्येका सांगत बस."

त्यानंतर मी त्याला एकट्याला भेटायचं ठरवलं. जुहूला, संध्याकाळी, बहिणीशिवाय. तो आला. भेळ घेतली, मला चावता येत नव्हतं म्हणून त्याने दोन्ही खाल्ल्या. मी म्हणाले, "मला लोकांना काही सांगायचं नाही. फक्त तुमच्या आईला एकदा खरं सांगा. एवढंच."

"काय खरं?"

"तुम्हाला माहितीय."

त्याने कागद चुरगाळून वाळूत टाकला. मग इतक्या थंडपणे बोलला की मला वाटलं, हा इतके दिवस हेच बोलायची वाट बघत होता. "तू खाली गेलीस. मला सोडून. मी बघितलं तुझे डोळे. तुला मजा वाटत होती."

"अहो, तसं करावं लागतं. तुम्ही मला दाबत होतात. खाली गेल्याशिवाय—"

"मला वाटलं, गेली ही. आता मेलो मी. आणि तू तिथे होतीस. खाली. बघत. सगळ्यांसमोर आधी जॅकेट घाल जॅकेट घाल. मग पाण्यात अरे-तुरे. मग कुत्र्यासारखं कॉलरला धरून. काय दाखवायचं होतं तुला?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. तो नुसता खोटं बोलत असता तर मला सोसलं असतं. पण त्याच्या डोक्यात मीच त्याला मारायला निघाले होते, आणि मी त्याच्याशी लग्न करून त्या डोक्याशेजारी झोपणार होते.

मग तो सावरला. पँटवरची वाळू झटकली आणि नेहमीचं गोड हसला. "आणि बघ, सांगणार कोणाला? तुझा बाप वॉचमन. तुझा दात तुटलाय. मी नाही म्हटलं तर तुला कोण करणार? उपकार समज."

मी अंगठी काढली. ती ओल्या वाळूने अडकली होती, जोर लावावा लागला. त्याने हात पुढे केला नाही, म्हणून भेळेच्या कागदावर ठेवली आणि चालायला लागले. मागून त्याने हाक मारली, "वेडी झालीस काय!" मग आवाज बदलून, जवळच्या फुगेवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "जीव वाचवला त्याचे हे पांग फेडलेस!"

तेच पुढे झालं. ज्याने जीव वाचवला त्याला हिने नाकारलं, ही बातमी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि तिथून गावापर्यंत गेली. चाळीतल्या बायका नळावर मला जागा द्यायच्या, जरा जास्तच जागा द्यायच्या. बाबा एकटे बोरिवलीला जाऊन त्यांच्या पाया पडून आले. त्यांना दारातच उभं ठेवलं होतं, हे आईने मला भांडताना सांगितलं. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना आईला म्हणायचे, "तिका विचार, भाकरी होई काय." मी समोरच बसलेली असायचे.

ग्रुपमध्येही मला दोन्ही होड्या दिल्या नाहीत परत. सर म्हणाले, "तुझ्याकडून काही चूक झाली असं नाही गं. पण लोक घाबरलेत. बाईमाणसावर एवढी जबाबदारी टाकायला नको होती मी." वर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस. साकीनाक्याच्या पोराने सांगितलं की पुढची नवशिक्यांची सहल सरांनी स्वतः नेली आणि सगळं तेच शिकवलं. खाली बसा, मध्ये बसा, उभं राहू नका.

काही वर्षांनी घाटकोपरच्या एका हॉलमध्ये ऑफिसमधल्या मुलीच्या लग्नाला गेले होते. तोवर माझंही लग्न झालं होतं, माझ्या दाताबद्दल काही न विचारणाऱ्या माणसाशी. पंगतीत शेजारी एक बाई येऊन बसली, हिरवी पैठणी, कडेवर मूल. बोलता बोलता तिने कुठली, माहेरचं आडनाव काय, असं विचारलं आणि एकदम थांबली.

"म्हणजे तुम्हीच ना त्या? पवईच्या? ह्यांनी ज्यांना वाचवलं?"

समोरच्या पंगतीत तो बसला होता. जाड झाला होता. मला त्याने पाहिलं नव्हतं.

"वाचवलं मी," मी म्हणाले. "ते बुडत होते. माझा दात त्यांच्या कोपराने तुटलाय." आणि ओठ वर करून तिला खोटा दात दाखवला.

मला वाटलं ती चिडेल, उठून जाईल. तिने मुलाच्या तोंडात भात भरवला. मग ताटाकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "डोक्यावरून पाणी घेत नाहीत हो ते. अंघोळीला गळ्यापर्यंतच. केस धुवायचे असले की खुर्चीत बसतात, मान मागे टाकतात, आणि मी तांब्याने थोडं थोडं ओतते. ते डोळ्यांवर हात ठेवून बसतात. जरा जास्त ओतलं गेलं की मारतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. कीव यावी तर तिची यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण खरं सांगायचं तर त्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे झाकून घाबरलेला तो माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला आतून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

वाढपी जिलेबी घेऊन आला. ती नको म्हणाली. मी दोन मागून घेतल्या.